स्वतःपेक्षाच खाली गेलेला कोपरा

फळी लावून झाली होती. तिच्यावर मिठाची आणि तेलाची बरणी विराजमानही झाली होती. जावईबापू तिथेच थांबले असते, तर हा सगळा घोळ झालाच नसता. पण थांबतील तर ते जावईबापू कसले!

सासरे त्यांना जावईबापू म्हणत, आणि बघता बघता अख्खी गल्ली तेच म्हणायला लागली. ऑफिसात ते रेकॉर्ड विभागात. फायली लावणं, कागद सरळ करणं, टाचणी काढून पुन्हा सरळ टोचणं, यात सतरा वर्षं गेलेली. सासरे मात्र गवंडी. चाळीस वर्षं त्यांनी लोकांची घरं बांधली, आणि जावईबापू राहत होते ते घरही त्यांनीच स्वतःच्या हाताने बांधून दिलेलं. लेकीचं लग्न झालं तेव्हा ते पाहुण्यांसमोर एवढंच म्हणाले होते, "जावई गुणाचा आहे. फक्त त्याला खिळा ठोकायला सांगू नका."

सगळे हसले. जावईबापूही हसले. पण ते वाक्य सतरा वर्षं मनात रुतून बसलं होतं. एकदा, फक्त एकदा, या माणसाच्या तोंडून "बरं केलंत" असं ऐकायचं, हा त्यांचा निश्चय होता.

संधी आली ती फ्रिज आणि भिंत यांच्यामधल्या दीड वीत फटीतून. तिथे बरण्यांसाठी फळी हवी होती. बायको म्हणाली, सुताराला बोलवा. जावईबापू म्हणाले, सुतार कशाला? आणि त्यांनी ऑफिसातल्या शिपायाचं ड्रिल मागून आणून, पोट आत घेऊन, आडवं होऊन फळी लावली. बायको ओट्यापाशी उभी राहून "जरा वर, जरा खाली" करत होती. (जावईबापूंच्या भाषेत याला लुडबुड म्हणतात.) लावून झाल्यावर ती म्हणाली, "छान झाली. सरळ आहे."

"कशावरून?"

"दिसतेय की!"

दिसतेय! रविवारी सासरे येणार होते. त्यांना काय सांगायचं, दिसतेय म्हणून? रेकॉर्ड विभागात 'दिसतंय' चालत नाही. तिथे पुरावा लागतो. जावईबापूंनी चपला घातल्या आणि हार्डवेअरचं दुकान गाठलं.

"सरळ-वाकडं दाखवणारी लेव्हल द्या. छोटी. अडचणीच्या जागेत मावली पाहिजे."

दुकानदाराने आधी हातभर लांबीची दाखवली, कारण दुकानदार आधी मोठीच दाखवतात. मग विचारलं, "अडचण केवढी आहे?"

"दीड वीत."

"तुमची वीत की माझी?"

जावईबापूंनी काउंटरवर वीत पसरून दाखवली. मग तीन लेव्हली पुढे आल्या. एक गोल, शर्टाच्या बटणापेक्षा जरा मोठी. "ही चहूबाजूंचा उतार एकदम सांगते," दुकानदार म्हणाला. इतकं एकदम कळून घ्यायची जावईबापूंची तयारी नव्हती. दुसरीला दोन्ही टोकांना आकडे. "ही ताणलेल्या दोरीला लटकवायची."

"दोरी कोण धरणार?"

"धरेल की घरातलं कुणी."

"अहो, घरातल्या कुणाची मदत नको म्हणून तर लेव्हल घेतोय!"

तिसरी बोटभर लांब, पिवळीधमक, पाठीवर कंपनीचं नाव ठसठशीत अक्षरांत छापलेलं. "आणि हिला खाली चुंबक आहे. लोखंडाला चिकटली की तुमचे दोन्ही हात मोकळे," दुकानदार म्हणाला. त्याने ती काचेच्या काउंटरवर ठेवली. तिच्या नळीतल्या पाण्यातला बुडबुडा बरोबर मध्यावर. "फक्त एक करायचं साहेब. वापरताना ही अशी टोकाटोकाने फिरवून..." त्याने फिरवली. बुडबुडा तिथेच राहिला, पण कंपनीचं नाव जावईबापूंच्या बाजूने उलटं झालं.

उलटं अक्षर दिसलं की जावईबापूंचा जीव कासावीस होतो. त्यांनी लगेच हात पुढे करून लेव्हल सरळ केली.

"अहो, मी काय सांगतोय..."

"कळलं कळलं. सतरा वर्षं रेकॉर्डला आहे मी," जावईबापू म्हणाले, आणि पैसे देऊन निघाले.

घरी आल्यावर लेव्हल हरवू नये म्हणून त्यांनी ती स्क्रू, खिळे आणि वॉशरच्या पत्र्याच्या डब्यात ठेवली. आतून 'टक्' असा छान आवाज आला. चुंबक एक नंबर आहे, असं म्हणून जावईबापू खूश झाले आणि शांतपणे जेवायला बसले.

जेवण झाल्यावर त्यांनी डब्यातून लेव्हल काढली, फटीत शिरले, हात लांब करून ती फळीवर ठेवली. नाव सरळ, वाचता येईल असं. टॉर्च मारला. बुडबुडा डावीकडे!

"पाहिलंस? उजवी बाजू खाली आहे. म्हणे दिसतेय!"

"बाहेर या आधी. बनियन फाटलंय," बायको म्हणाली.

उजवं ब्रॅकेट पाऊण बोट वर गेलं, नवं भोक पडलं, बुडबुडा मध्यावर आला. आता तरी थांबावं की नाही? पण हातात नवीन लेव्हल आणि समोर जेवणाचं टेबल. सहज ठेवून पाहिली. बुडबुडा डावीकडे! जावईबापूंनी उजव्या पायांखाली पाचरी सारल्या. पलंगावर ठेवली. डावीकडे! पलंगाखाली जुनी पुठ्ठ्याची फाईल गेली. कपाटालाही पाचर बसली. शिलाई मशीन, खिडकीची चौकट. सगळीकडे उजवी बाजू खाली.

शेवटी ते जमिनीवर बसले. लेव्हल फरशीवर ठेवली, बुडबुड्याकडे पाहिलं, आणि त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. सामान वाकडं नव्हतंच. घर वाकडं होतं! सासऱ्यांनी बांधलेलं घर!

त्यांना आधी आनंद झाला. (खोटं कशाला बोला? चांगला घसघशीत आनंद झाला.) मग त्या आनंदाची लाज वाटली. आणि मग त्यांनी रजिस्टर काढलं.

"काय चाललंय?" बायकोने विचारलं.

"मोजणी. आता माघार नाही. बाबांना तोंडी सांगून चालायचं नाही, अहवाल द्यावा लागेल."

शनिवारी ते चारही भिंतींपाशी, भिंतीकडे तोंड करून रांगले. दर वेळी कंपनीचं नाव सरळ, दर वेळी उजवी बाजू खाली. बायकोने रजिस्टर उघडून पाहिलं, बोटाने खोलीला एक फेरी मारली आणि कपाळाला हात लावला.

"अहो, दाराचा कोपरा ओट्याच्या कोपऱ्यापेक्षा वर. ओट्याचा खिडकीच्या कोपऱ्यापेक्षा वर. खिडकीचा कपाटाच्या कोपऱ्यापेक्षा वर. बरोबर?"

"बरोबर."

"आणि कपाटाचा कोपरा परत दाराच्या कोपऱ्यापेक्षा वर. म्हणजे दाराचा कोपरा स्वतःपेक्षाच खाली आहे?"

जावईबापूंनी चष्मा पुसला. "तसं नोंदवलंय ना मी? मग असणार."

"नाचता येईना अंगण वाकडं, हे ऐकलं होतं. पण अंगण मोजून रजिस्टरात चढवणारा माणूस आजच बघतेय!"

रविवारी सकाळी सासरे आले. दारातच थबकले, कारण कपाटाचं दार आपोआप उघडून त्यांचं स्वागत करत होतं. ते टेबलाशी बसले. लेक मटार सोलत होती आणि दाणे एकामागोमाग एक डावीकडे पळून खाली उड्या मारत होते. सासऱ्यांनी दोन झेलले, तोंडात टाकले आणि टेबलाखाली वाकून पाहिलं.

"पाचरी कशाला?"

जावईबापूंनी घसा साफ केला. रजिस्टर पुढे ठेवलं. "बाबा, मनाला लावून घेऊ नका. पण घर कललंय."

"कुठल्या अंगाला?"

"सगळ्याच."

सासरे हसतील असं त्यांना वाटलं होतं, चिडतील असंही वाटलं होतं. पण म्हातारा सरळ उठून भिंतीपाशी गेला आणि भिंतीवर हात फिरवत उभा राहिला. मग हळूच म्हणाला, "ही भिंत बांधायला घेतली तेव्हा मला ताप होता. पण काम थांबवलं नाही मी. लेकीचं घर म्हणून एकेक वीट दोनदा बघून लावली होती."

सतरा वर्षं ज्याच्या तोंडून दोन शब्द ऐकायचे होते, त्यालाच आपण खाली पाहायला लावलं! असलं जिंकणं त्यांना नको होतं. "तसं फार नाही कललंय," ते घाईघाईने म्हणाले, "बोटभरच. राहता येतं."

"आणा ती लेव्हल."

सासऱ्यांनी ती फरशीवर ठेवली. बुडबुडा डावीकडे. मग त्यांनी ती टोकाटोकाने फिरवली.

"बाबा, नाव उलटं झालं," जावईबापूंच्या तोंडून निघून गेलं.

"होऊ द्या." आता बुडबुडा उजवीकडे होता. "जमीन तीच, माणसं तीच, आणि उतार फिरला? जावईबापू, कललंय ते घर नव्हे!" सासऱ्यांनी लेव्हल पालथी केली, डोळ्यांजवळ नेली आणि एका टोकाला नख घातलं. चुंबकाला बेमालूम चिकटलेला एक पातळ वॉशर निघाला आणि फरशीवर टण्णकन पडला.

मग सासरे जे हसायला लागले, ते भिंतीला धरून खाली बसले. बायको पदराने डोळे पुसत होती. जावईबापूंनाही, खरं सांगायचं तर, हायसं वाटलं. घर सरळ होतं. म्हातारा हसत होता.

"चला, आता तुमची फळी दाखवा," सासरे म्हणाले.

जावईबापूंना फ्रिजमागे लपावंसं वाटलं, पण तिथे जागा नव्हती. सासऱ्यांनी बरण्या उतरवल्या, उजवं ब्रॅकेट सोडवलं आणि पाहिलं तर खाली जुनं भोक. ब्रॅकेट त्या जुन्या भोकावर बसवलं. फळीवर लेव्हल ठेवली, फिरवली, पुन्हा ठेवली. बुडबुडा दोन्ही रेघांच्या मधोमध, ढिम्म हलेना.

सासरे वळले. त्यांचा चेहरा गंभीर होता.

"ही आधीची भोकं कुणी पाडली?"

"मी," जावईबापू पुटपुटले. "लेव्हल आणायच्या आधी. नुसत्या अंदाजाने."

"एवढ्याशा फटीत? आडवं होऊन? जावईबापू, माझ्या हाताखाली वीस-वीस वर्षं काम केलेली माणसं होती. त्यांना अशी दोन भोकं एका रेषेत जमायची नाहीत. याला नजर लागते, नजर!" त्यांनी जावईबापूंच्या खांद्यावर हात ठेवला. "बरं केलंत!"

ऐकलं! जावईबापूंची छाती अशी फुगली की ते फटीत मावेनात. लग्नातले ते सगळे पाहुणे आत्ता इथे हवे होते. डोळ्यांत पाणी यायच्या बेतात होतं. सतरा वर्षांची तपश्चर्या फळाला आली होती, आणि तेवढ्यात टेबलापाशी मटार गोळा करणारी बायको मान वर न करता म्हणाली, "बाबा, भोकं पाडली यांनीच. पण तेव्हा यांचा चष्मा सापडत नव्हता. पेन्सिलीने खुणा मी करून दिल्या होत्या."

सासऱ्यांचा हात खांद्यावरून अलगद निघाला.

"तरीच!" ते म्हणाले, आणि लेकीकडे इतक्या कौतुकाने पाहिलं की टेबलावरचे दाणेही पळायचे थांबले असतील. मग त्यांनी वाकून फरशीवरचा तो वॉशर उचलला, धोतराला पुसला आणि जावईबापूंच्या तळहातावर नीट ठेवला.

"हा मात्र तुमचाच ना?"