ड्यूटीवरच्या पाली

सई, ओम, परवा व्हिडिओ कॉलवर माझ्या मागच्या भिंतीवर पाल पाहून तुम्ही किंचाळलात आणि मी तिला हाकललं का नाही असं विचारलंत. त्याचं कारण तुमचे नानाआजोबा, माझे धाकटे दीर. ते तुम्ही पाहिले नाहीत, म्हणून लिहिते.

मी झाडू उचलला की नाना आडवे येत. "वैनी, हाकलू नका. ती ड्यूटीवर हाय."

नाना सांगलीच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत. पाल भिंतीला चिकटते कशी, हे शोधायला त्यांना लष्कराचा निधी मिळाला होता. जवानांच्या जखमेवर तशीच चिकटेल आणि न दुखवता सुटेल अशी पट्टी करायची होती. निरनिराळ्या विषयांच्या माणसांनी मिळून काम करायचं, ही लष्कराची अट. म्हणून आमच्या कडेगावच्या घरी, मागच्या खोलीत, प्राणिशास्त्राच्या एक बाई आणि एक सर्जन येऊ लागले. बाई पालींना लॅटिन नावाने ओळखत. सर्जन खुर्चीवर पाय वर घेऊन बसत. नाना पालींना हुद्दे देत. एका नाईक पालीची शेपूट तुटली तेव्हा त्यांनी तिची रजा मंजूर केली.

मग निधी पुढे चालू ठेवायचा का, हे ठरवायला दिल्लीहून अधिकारी येणार असं कळलं. शेजारच्या महादबांनाही कळलं. महादबा रिटायर्ड सुभेदार, नानांचे शाळेपासूनचे मित्र, डावा हात सीमेवर गमावलेले. साहेब येणार म्हटलं की चुना आणि गेरू, हे फौजेने त्यांच्या अंगात भिनवलेलं. दिल्लीच्या पाहुण्यांना घेऊन आम्ही कराड स्टेशनवरून परतलो, तर अंगणातले दगड पांढरे, झाडांचे बुंधे तांबडे आणि मागच्या खोलीच्या भिंतींना ताजा चुना.

"चकाचक केलं रं नाना," ब्रश घेऊन महादबा म्हणाले. "पाली लय झाल्या व्हत्या. समद्या हाकलल्या."

बरणीत एक उरली होती. नानांनी तिला भिंतीवर सोडलं. ती चुन्याच्या भुकटीवरून घसरत खाली आली आणि सर्जनच्या बुटावर बसली.

"सीमेवर याहून जास्त धूळ असते," दिल्लीहून आलेल्या अधिकारी बाई म्हणाल्या. "चुना कोणी लावला?"

महादबांचा चेहरा उतरला.

"मीच लावायला सांगितला, मॅडम," नाना म्हणाले. "धुळीत काय होतं ते तुमच्यासमोर बघायचं होतं."

"बघितलं," म्हणत अधिकारी बाईंनी फाइल मिटली.

पाहुणे गेल्यावर मी म्हटलं, "भाऊजी, खरं सांगितलं असतं तर पुन्हा एक संधी दिली असती त्यांनी."

नानांनी रिकामी बरणी उचलून फळीवर ठेवली. मग म्हणाले, "भरतीला आमी दोघं संगं गेलतो, वैनी. माझी छाती फुगली न्हाई म्हणून मला माघारी लावलं. तो गेला. बर्फात त्यानं एका हातानं अन् दातानं पट्टी बांधली. ही पट्टी कुणासाठी करतोय मी? अन् त्याच्यामुळंच ती बुडाली, असं त्याच्या तोंडावर सांगू?"

निधी बंद झाला. नाना जाऊनही आता काही वर्षं झाली. प्राणिशास्त्राच्या बाई आणि सर्जन रविवारी सांगलीत पदरमोड करून ते काम करतात. पट्टी लावून बघायला महादबा जातात. कोरड्या कातडीवर ती टिकते आणि एका हाताने लावता येते. ओल्या जखमेवर अजून टिकत नाही.