गणपूर्ती आणि तपकिरी मोजे

“माणसं सात आणि चहा पाच कप. याला काही अर्थ आहे का?” सभा सुरू होताच भांडारपाल माझ्या कानाशी पुटपुटले.

जगातली सगळी महत्त्वाची कामं गणपूर्तीवाचून अडतात, हे सत्य मातीतल्या जिवाणूंना माणसाच्या फार आधी कळलं. एकटा जिवाणू कधी तोंड उघडत नाही. तो आपल्यापुरतं एक रसायन मातीत सोडतो, म्हणजे संकेत देतो, हळूच खाकरतो म्हणा ना, आणि आजूबाजूला आणखी कितीजण खाकरताहेत याचा अंदाज घेत बसतो. खाकरणं पुरेसं दाट झालं की सगळे एकदम कामाला लागतात. आमच्या संस्थेचा जिवाणू अशा वेळी जांभळा रंग तयार करतो आणि त्या रंगापुढे मुळं कुजवणाऱ्या बुरशीचं काही चालत नाही. म्हणून आमच्याकडे जांभळा म्हणजे जिवंत, जांभळा म्हणजे भरपूर आणि जांभळा म्हणजे अनुदान.

या जिवाणूचा शोध संचालकांनी लावला. संचालक माझा सख्खा थोरला भाऊ. संस्थेच्या कुंपणाला लागून माझी रोपवाटिका आहे, म्हणून सल्लागार समितीवर मी ‘लाभार्थी सदस्य’ आहे. (निवड अगदी निःपक्षपाती झाली. दुसऱ्या कुणाचा अर्जच नव्हता, कारण दुसऱ्या कुणाला सांगितलंच नव्हतं.) माझं शिक्षण म्हणाल तर दादाची जुनी पुस्तकं त्याच्यामागून वाचली, तेवढंच. पण समितीत माझं काम ज्ञानाचं नाही, सातवी असण्याचं आहे. मी टेकले की गणपूर्ती होते. सभेत मी त्याला ‘सर’ म्हणते, तो मला ‘बाई’ म्हणतो.

मध्यंतरी जोडून सुट्ट्या आल्या. जिवाणू उबेत वाढावेत म्हणून प्रयोगशाळेत एक उबवणी कपाट आहे. त्यात मोजे वाळवू नयेत, असा स्पष्ट नियम मात्र कुठेही लिहिलेला नाही. सुट्ट्या संपल्यावर दार उघडलं, तर आत मूळ चंबू, ज्यातून रोपांना घालायच्या आमच्या सगळ्या बाटल्या भरतात तो, आणि त्याच्या गळ्यात तपकिरी मोज्यांची जोडी, पापडासारखी कडक. कपाटाच्या उष्णतेची कळ शेवटच्या आकड्यावर. चंबूतलं पाणी पांढुरकं.

मोज्यांची नोंद इतिवृत्तात नाही. ते वहिनीनं विणलेले होते आणि डाव्या टाचेचं रफू माझ्या हातचं होतं, याचीही नाही.

पुढे जे झालं ते शास्त्राला धरूनच झालं. भांडारपालांनी चंबूत शिक्क्याच्या शाईचे थेंब सोडले. लेखापालांनी तोंड आल्यावर लावायचं जांभळं औषध ओतलं. संकेतशास्त्राच्या विभागप्रमुख बाईंनी पोटॅशियम परमँगनेट टाकलं. (एखादा जिवाणू चुकून वाचला असेल, तर त्याचाही प्रश्न मिटला.) विक्री अधिकारी नैसर्गिक घटकांबद्दल फार आग्रही आहेत, त्यांनी द्राक्षाचा रस घातला. इतिवृत्त लिहिणाऱ्या सचिवांनी काय घातलं, याची नोंद नाही. कुणी कुणाला काही सांगितलं नाही. रंग दिवसेंदिवस गडद होत गेला. बाहेरून आलेल्या तज्ज्ञांनी चंबू उजेडात धरला, “वा!” म्हणाले आणि जेवायला गेले. अहवालात ‘संकेतनिर्मितीत सत्तावीस टक्के वाढ’ अशी नोंद झाली. (कशाच्या सत्तावीस टक्के, हे गोपनीय आहे.)

यात लबाडी कुणाचीच नव्हती, हेही सांगायला हवं. दादा निवृत्तीला आला होता. रोज संध्याकाळी तो चंबूपाशी उभा राहायचा आणि म्हणायचा, “गुणी पोरं आहेत हो माझी.” अशा माणसाला काय सांगणार?

इकडे माझी टोमॅटोची रोपं त्या बाटलीतलं पाणी पिऊन आडवी पडायला लागली. मुळं काळी, लिबलिबीत. (अहवालात: ‘रोपांनी विश्रांतीचा पवित्रा घेतला आहे.’) निम्मे वाफे गेले. उरलेल्या निम्म्यांवर माझं अख्खं वर्ष उभं होतं.

तर आजच्या सभेपुढचा ठराव असा होता: उद्यापासून ही बाटली सगळ्या रोपवाटिकांना द्यावी. सुरुवात, अर्थातच, लाभार्थी सदस्यांच्या उरलेल्या वाफ्यांपासून.

“सर्वानुमते?” दादानं विचारलं.

सहा हात वर गेले, त्यात त्याचाही होता. मी तोंड उघडलं तर भाऊ दुखावणार होता आणि मिटलं तर रोपं जाणार होती, माझी आणि न पाहिलेल्या कितीतरी लोकांचीही.

“करा ना वर हात,” भांडारपाल कुजबुजले. “चहा निवतोय.”

“तुम्हाला कुठे मिळालाय चहा?”

“म्हणून तर. दुसरा मागवता येईल.”

“बाई, काही शंका?” दादा म्हणाला. मी खाली बघितलं. बाहेर कडाक्याची थंडी, आणि टेबलाखाली दादाचे पाय उघडे, नुसत्या चपलांत. त्या सुट्ट्यांपासून त्यानं मोजे घातलेच नव्हते.

“दादा,” मी म्हटलं. (इतिवृत्तात हा शब्द खोडलेला आहे.) “अरे, मेलेत ते. सगळे. कपाटात मोजे वाळवलेस ना, तेव्हाच.”

त्यानं पाय खुर्चीखाली ओढून घेतले. “एवढे दिवस वाट बघतोय मी,” तो अगदी हळू म्हणाला. “कुणीतरी बोलायचं ना गं.”

खोलीत एकजण खाकरला. मग दुसरा. मग सगळे एकदम: “मला वाटलंच होतं!” “मी तर पहिल्याच दिवशी ओळखलं!” “रंग बघूनच शंका आली होती, पण म्हटलं, आपण कशाला?”

दादा आणि मी सोडून पाच आवाज यायला हवे होते. मी मोजले, तर सहा भरले. “मला तर मोजे दिसले तेव्हाच कळलं होतं,” असं म्हणणारा सहावा आवाज, वाचकहो, तुमचा होता.