तात्या आधी आडवे होतात

गंगाखेडला आमच्या शेजारी राहणारे तात्या कोणतीही वस्तू घेण्याआधी तिच्याशेजारी आडवे होतात. कूलर घेताना दुकानाच्या फरशीवर झोपले. टीव्ही घेताना झोपले. भिंतीवरचं कॅलेंडरसुद्धा यांनी झोपूनच पसंत केलं. "आडवं झाल्याबिगर वस्तू कळत न्हाई," हे त्यांचं पालुपद. आम्ही गल्लीकर पोट धरून हसायचो.

तर या माणसाला दुर्बीण घ्यायची हुक्की आली. मी शाळेत विज्ञान शिकवतो, एवढ्या गुन्ह्यावरून मला एसटीत घालून परभणीला नेलं. निघताना तात्यांच्या घरातून काकूंचा आवाज आला, "सर, त्यांना दुकानात घोरू देऊ नका बरं."

शाळांना प्रयोगाचं सामान पुरवणारं दुकान होतं. दुकानदारानं भिंगाची लांबलचक दुर्बीण काढली. तात्यांनी खांद्यावरचा टॉवेल फरशीवर अंथरला आणि झाले आडवे! दुकानदार पाणी आणायला धावला. मी त्याला सांगितलं, चक्कर नाही, चौकशी आहे. तात्या खालूनच म्हणाले, हिला डोळा मागच्या टोकाला लावावा लागतो, मान मोडेल, नको.

मग आली आरशाची दुर्बीण. आखूड, जाडजूड, स्टुलावर मावणारी. आरसा नळीच्या तळाशी, पण डोळा लावायचा वरच्या टोकाजवळ, बाजूनं. तात्या कुशीवर वळले आणि समोरची पाण्याची टाकी बघून म्हणाले, टाकी उलटी दिसायलीय. मी म्हटलं, आभाळात त्यानं काही बिघडत नाही. पण घ्यायची तर कोपऱ्यातली ती उंच तिपाईची, मोठ्या आरशाची घ्या, चंद्र जास्त लख्ख दिसेल. झालं, आमची तिथंच जुंपली.

शेवटी तात्या उठून बसले.

"सर, आमची ही पडल्यापासून उठून बसत न्हाई. बाहेर काय ठेवलंय म्हणती, परसात सुदिक येत न्हाई. खाटेवरून चंद्र दिसला तरच येते म्हणलीय."

काकूंचं पडणं मला ठाऊक होतं. कूलर, टीव्ही, कॅलेंडर सगळं त्यांच्या खाटेसमोर आहे, हे तेव्हा कुठं डोक्यात शिरलं. लहानी दुर्बीण मीच उचलली.

त्याच संध्याकाळी आम्ही काकूंची खाट परसात काढली. अर्धा चंद्र डोक्यावर होता. तात्यांनी दुर्बीण स्टुलावर ठेवून जुळवली. काकू कुशीवर वळल्या, डोळा लावला आणि कपाळावर आठ्या घातल्या. तात्यांचा चेहरा पार उतरला.

"अहो," काकू म्हणाल्या, "माझ्या माहेरच्या रस्त्यावानी खड्डे हायत की."

आणि अशा हसल्या, की धक्क्यानं चंद्र नळीतून पसार. तात्यांनी तो परत धरून दिला. मग टॉवेल अंथरून खाटेशेजारी जमिनीवर आडवे झाले. मी विचारलं, आता काय घ्यायचंय?

"काई न्हाई," तात्या म्हणाले. "आज नुसतं पडायचंय."