दोन खांबांमधले सासरे

आमच्या शहरातला माणूस चालत नाही. नगरपालिकेच्या रस्ते विभागात लागलो तेव्हापासून मी हे बघत आलोय. समोरच्या फुटपाथवर चहा प्यायला जायचं असलं, तरी तो आधी गाडीची किल्ली शोधतो. म्हणून बाजाराचा मुख्य रस्ता फक्त चालणाऱ्यांना आणि सायकलवाल्यांना मोकळा ठेवायचा, ही कल्पना माझी. होय, माझीच. साहेबांनी ती स्वतःची म्हणून वर कळवली, तो भाग वेगळा.

"रस्ता असा करून दाखवतो साहेब, की काम नसलेली माणसंसुद्धा चालत सुटतील," असं मी भर बैठकीत बोलून बसलो होतो.

साहेब म्हणाले, "एक रविवार चाचणी घेऊ. लोक आले तर योजना कायम. दुकानदारांनी राडा केला तर खांब उपटायचे. आणि उपटायला तुम्हीच."

अडचण एवढीच होती, की दुकानदार संघाचे अध्यक्ष माझे सासरे निघाले. म्हणजे सासरे ते आधीपासूनच होते, अध्यक्ष नेमके त्याच सुमारास झाले. मी त्यांना मामा म्हणतो. त्याच रस्त्यावर त्यांचं हार्डवेअरचं दुकान आहे. मामा दारातून आत येतात तेव्हा खोलीत आधी अंधार होतो, मग मामा दिसतात. स्कूटरवरून उतरून थेट गल्ल्यावर बसायचं, याच्या पलीकडे त्यांनी पायांना कधी त्रास दिला नव्हता.

"गिऱ्हाईक काय पाण्याची टाकी डोक्यावर घेऊन चालत जाणार?" हा त्यांचा सवाल. मी हातगाडी सुचवली, म्हणून त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं. मग बायकोनंही टाकलं. घरात फक्त भांडी बोलायची, आणि तीही जोरात.

चाचणीच्या दिवशी सकाळी मी रस्त्याच्या तोंडाशी जाऊन उभा राहिलो. लोखंडी पाइपचे खांब रोवले होते, कमरेच्या वर येतील एवढे. मधलं अंतर मी स्वतः आखलेलं. माणूस सहज जाईल, सायकल हँडल तिरकं करून जाईल, पण स्कूटर नाक घासून परत फिरेल. रस्त्यावर एक आजोबा होते आणि एक कुत्रं. त्यातलं कुत्रं नेहमीचंच होतं.

तेवढ्यात मामा आले. त्यांनी स्कूटर लावली, खांबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"यातून माणूस जातो म्हणे?" त्यांनी आजोबांना विचारलं. आजोबा गेले होते म्हणून आत होते, पण मामांना ते पुरेसं वाटलं नाही. त्यांनी श्वास आत ओढला, दोन खांबांमध्ये शिरले, आणि तिथेच थांबले.

बराच वेळ झाला तरी ते थांबलेलेच. मला वाटलं, रागावून उभे आहेत. मग हलकी हाक आली, "जावईबापू, जरा इकडे या."

एवढ्या दिवसांनी हाक आली म्हणून मी आनंदानं पळत गेलो.

"कुणाला कळू देऊ नका," ते ओठ न हलवता म्हणाले. "मी अडकलोय."

"मागे सरकून बघा ना, मामा."

"मागे सरकता आलं असतं तर तुम्हाला कशाला हाक मारली असती?"

"मग श्वास आत घ्या."

"आतच आहे. बाहेर सोडायला जागा कुठाय?"

"पाइप जरा वाकवून बघू?"

"वाकणार नाही," मामा म्हणाले, आणि तशा अवस्थेतही त्यांच्या तोंडावर अभिमान आला. "तुमच्या कंत्राटदारानं आमच्याच दुकानातून नेलाय."

मी मागे जाऊन त्यांच्या पाठीला खांदा लावला आणि जोर केला. नेमकं त्याच वेळी संघाचे चिटणीस, घड्याळांच्या दुकानाचे मालक, शटर उघडायला आले. त्यांना काय दिसलं असेल? नगरपालिकेचा इंजिनिअर अध्यक्षांना ढकलतोय आणि अध्यक्ष जागचे हलत नाहीत.

"अध्यक्षांच्या अंगाला हात लावायचा नाही," ते ओरडले. "अध्यक्ष, तुम्ही हटू नका. आम्ही आलोच."

बघता बघता दुकानदार जमा झाले. आता मामांपुढे दोनच वाटा होत्या. अडकलोय म्हणून सांगायचं, नाहीतर पुढारी व्हायचं. मामांनी घसा खाकरला.

"हे खांब निघेपर्यंत मी इथून एक इंचही हलणार नाही."

यात खोटं काहीच नव्हतं.

टाळ्या पडल्या. सगळे जमिनीवर बसले, घोषणा सुरू झाल्या. चपलांच्या दुकानदारानं मामांच्या डोक्यावर छत्री धरली. शहरात बातमी पसरली, की हार्डवेअरवाल्यांनी स्वतःला खांबाला बांधून घेतलंय. पुढच्या चौकात पोचेपर्यंत ती 'साखळदंडानं बांधून घेतलंय' अशी झाली. आणि मग जे चहालाही चालत जात नव्हते, ते सगळे बघायला निघाले. गाड्या आत येईनात, म्हणून त्या लांब लावून चालत आले. पोरं सायकली घेऊन आली आणि मोकळ्या रस्त्यावर गिरक्या घ्यायला लागली. बायका आल्या, मामांना बघून झाल्यावर दुकानांत शिरल्या.

छत्री धरलेला चपलांचा दुकानदार एकदम म्हणाला, "गिऱ्हाईक आहे वाटतं. आलोच." छत्री माझ्या हातात आली. मग कापडवाला उठला. मग भांडीवाला. शेवटी घोषणा द्यायला एकटे चिटणीस उरले, आणि त्यांनाही कुणीतरी घड्याळाचा पट्टा विचारला.

तेवढ्यात साहेब आले.

"अध्यक्ष, मागणी काय आहे तुमची?"

"खांब काढा."

"ठीक आहे," साहेब माझ्याकडे वळले. "गॅस कटर मागवा."

मामांचा चेहरा उतरला. त्यांनी खाली पोटाकडे पाहिलं, मग दोन्ही बाजूंच्या खांबांकडे.

"कटर नको," ते घाईघाईनं म्हणाले. "आधी चर्चा करू."

"करू की. चला, ऑफिसात बसू."

"इथेच करू."

"अहो, मग खुर्चीत तरी बसा."

"मी उभ्यानंच चर्चा करतो."

साहेबांनी मला बाजूला घेतलं. "फार कडवा माणूस आहे हो हा."

"हो साहेब," मी म्हणालो. "पक्के आहेत."

मामांना घाम फुटला होता. ते गर्दीकडे बघत हसत होते आणि माझ्याकडे बघताना डोळ्यांत पाणी होतं. खरं सांगतो, त्या वेळी मी मनाशी म्हटलं, योजना गेली खड्ड्यात, माझा माणूस अडकलाय. मी बायकोला फोन केला.

ती शेजाऱ्यांची सायकल घेऊन आली. गर्दीतून वाट काढत वडिलांपाशी गेली आणि त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"बाबा, खिशात काय आहे?"

"काही नाही."

"हात वर करा."

तिनं त्यांच्या पँटच्या खिशात हात घातला, ओढला, पिळला, आणि मोजमापाचा भलामोठा स्टीलचा टेप बाहेर काढला. माझं आखलेलं अंतर खोटं पाडायला मामांनी तो आणला होता.

टेप निघाला आणि मामा सुटले. पण सगळं वजन पुढे टाकून उभे होते, त्यामुळे मागे न येता ते सुसाट पुढे गेले आणि थेट चालणाऱ्यांच्या गर्दीत जाऊन थांबले. सगळा बाजार वळून बघायला लागला. दुकानदार संघाचा अध्यक्ष आपल्या पायांनी खांब ओलांडून रस्त्यावर आला होता.

साहेबांनी धावत जाऊन त्यांचा हात धरला. "अध्यक्ष, मन मोठं आहे तुमचं."

मामांनी इकडे तिकडे पाहिलं. प्रत्येक दुकानात गिऱ्हाईक होतं. सगळ्या रस्त्यात एकच दुकान बंद होतं, त्यांचं. आणि त्याच्या पायरीवरही दोन माणसं खोळंबली होती.

"लोकांची इच्छा असेल," मामा श्वास पूर्ण बाहेर सोडत म्हणाले, "तर मी आड येणारा कोण?"

लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. साहेब आणि मामा हातात हात घालून दुकानापर्यंत चालत गेले. मी छत्री धरून मागे.

योजना कायम झाली. साहेबांना शाबासकी मिळाली. बायको माझ्याशी बोलायला लागली. आणि मामांना चालण्याची गोडी लागली, ती अशी लागली की सासूबाई खूश, डॉक्टर खूश. पण चालायचं म्हटलं की कुठेतरी पोचावं लागतं. मामा आमच्या घरी पोचतात. रोज. माझा ब्रश तोंडात असतो तेव्हा बेल वाजते. ते माझा पेपर आधी वाचतात, मग घरभर फिरून नळ उघडून बघतात, कड्या हलवून बघतात आणि विचारतात, "जावईबापू, ही बिजागरी कुठल्या गाढवानं बसवली?"

बिजागरी मी बसवली होती.

आमच्या शहरातल्या माणसानं चालावं, एवढीच माझी इच्छा होती. कुठे चालत जावं, हे तेवढं आराखड्यात घालायचं राहून गेलं.