हकीकत मागल्या खोलीच्या वायफायची

सकळ सुज्ञ वाचकांचे सेवेसी लेखकाची विज्ञापना ऐसी की, मौजे तिसरा मजला, खोल्या चार, येथील मागल्या खोलीस वायफाय कैसे पोहोचले, त्यास श्रम किती पडले, कोण कोण खासे जातीने झुंजले आणि अखेर फत्ते कैशी जाहली, हे पुढील पिढ्यांस कळावे, सबब ऐकले-पाहिले तैसे लिहून ठेविले असे. वर्णनात पदरचे थोडे घातले आहे. आकडे मात्र खरे आहेत.

त्या घरी राज्य चौघांचे. थोरले, म्हणजे सासरे, टेलिफोन खात्यात छत्तीस वर्षे लाइनमन होते आणि खांबावर चढून लोकांची बोलणी जोडून देण्यात त्यांची हयात गेली होती, सबब घरातील वीज, तार, खटका, घंटी या सर्वांवर त्यांचा अंमल होता आणि त्यात कोणी बोट घातलेले त्यांस खपत नसे. दिवाणखाना आणि स्वयंपाकघर हा मुलूख आईसाहेबांचा. तेथे वस्तू जागची हलली तर जाबसाल होई. चिरंजीव विमा कचेरीत कारकुनी करीत आणि घरात शांतता राहील ती बाजू घेत. चौथ्या सूनबाई.

सूनबाईंचा हुद्दा असा की, ज्यांस पक्षाघाताचा झटका येऊन वाचा गेली, त्यांस पुन्हा बोलते करावे. दूरदूरच्या गावी हे काम जाणणारे कोणी नाही, म्हणोन त्या मागल्या खोलीत लॅपटॉप मांडून, दार लावून, पडद्यावरच रोग्यांस शिकवीत. त्या रोग्यांत एक गृहस्थ होते, त्यांस सारे समालोचककाका म्हणत. त्यांनी तीस वर्षे गावोगावच्या सामन्यांचे धावते वर्णन केले होते. चेंडू थांबे, पाऊस येऊन खेळ थांबे, परंतु काका थांबत नसत. ऐशा माणसास झटका आला आणि जिभेवर तीनच शब्द उरले. एक ‘हो’, दुसरा ‘नको’ आणि तिसरा, का ते कोणास उमगले नाही, ‘पुढे’. सूनबाईंनी तीन महिने मेहनत घेतली, काकांनी त्याहून अधिक घेतली, आणि मग ‘मला पाणी हवं आहे’ हे एक सबंध वाक्य वदवून घ्यावे, येथवर मजल आली.

सोमवारी दुपारी काका वाक्यास बसले. शेजारी काकू फोन धरून होत्या. काकांनी श्वास घेतला, ओठ हलविले, आणि नेमके त्याच समयी मागल्या खोलीतील वायफाय गतप्राण जाहले. पडद्यावर काका तोंड उघडे ठेवून चित्रासारखे निश्चल आणि त्यांच्या कपाळावर एक चक्र गरगर फिरते आहे, ऐसा देखावा जाहला. मग चक्र निघून गेले तो काकू डोळे पुशीत होत्या आणि काका हसत होते. सूनबाईंस काय घडले ते न कळून त्या सरळ मनाने म्हणाल्या, “काका, पुन्हा एकदा म्हणता का?”

काकांनी पुन्हा यत्न केला. ‘मला’ आले, पुढले येईना. आणखी एकदा केला, तो ‘मला’ही येईना. मग काकांनी डाव्या हाताने फोन पालथा घातला, पडद्यावर अंधार जाहला, आणि काकूंचा आवाज तेवढा आला की, “बाई, ते नको म्हणतात. मघाशी सगळं बोलले होते हो. तुम्हाला ऐकू नाही आलं?”

संध्याकाळी काकूंचा निरोप आला. शुक्रवारी चार वाजता एक वेळ कसेबसे बसविते, तेव्हाही असेच जाहले तर पुन्हा बसविणे आपल्याच्याने होणार नाही, ऐसा मजकूर होता. सूनबाईंनी तो वाचिला आणि मग आपली वही काढून मागील दीड महिन्याच्या नोंदी वाचिल्या. जागोजागी त्यांनीच लिहिले होते, ‘वाक्यात मध्येच तुटतात.’ आता त्यांस कळेना की तुटत होते ते काका की वायफाय. त्या रात्रीचे जेवण त्यांनी अर्धेच केले.

मंगळवारी मसलत बैसली. थोरल्यांनी चहाचा पेला ठेवून निवाडा दिला की, घरातील जोडणी आपल्या हातची आहे, तीत दोष निघणे नाही, दोष कंपनीचा. त्यावर चिरंजीवांनी कंपनीच्या दरबारी फोन लाविला आणि पाऊण तास सनई ऐकिली. मग तिकडून आज्ञा जाहली की, यंत्र बंद करून पुन्हा चालू करावे. ते केले. फरक पडेना. पुन्हा विचारिले, तो आज्ञा तीच, फक्त या वेळी तीस सेकंद थांबावे ऐसे कलम अधिक. तेही केले. तिसऱ्या वेळी कंपनीच्या बाईंनी आपणाविषयी समाधान किती, ते एक ते पाच या आकड्यांत कळवावे म्हणोन विनंती केली, तेव्हा चिरंजीवांनी फोन ठेविला.

बुधवारी चिरंजीव कचेरीतून येताना रिपीटर नामे एक यंत्र घेऊन आले. हे यंत्र आलेला सिग्नल पुढे चालविते, ऐसी त्याची ख्याती. चिरंजीवांनी ते थेट मागल्या खोलीत नेऊन खोचिले. त्यावर तीन हिरवे दिवे लागले, मोबाईलवर वायफायच्या साऱ्या रेघा भरल्या, आणि चिरंजीवांची छाती फुगली. परंतु चित्र उघडू जाता पूर्वीप्रमाणेच चक्र फिरू लागले. कारण असे की, त्या खोलीत मुळात जे येत होते ते मरतुकडे होते, आणि रिपीटर इमानी असल्याने त्याने मरतुकडेच जोमाने पुढे चालविले. रेघा खऱ्या होत्या, त्यांच्या पाठीशी फौज नव्हती.

तेव्हा सूनबाई म्हणाल्या, “आपण सगळे अंदाजाने चाललोय. मी पेशंटला आधी तपासते, मग उपाय सांगते. आधी मोजू या.”

गुरुवारी सकाळी मोजणी आरंभिली. सूनबाईंनी कॅलेंडरच्या मागल्या कोऱ्या बाजूवर घराचा नकाशा काढिला, चिरंजीवांनी मोबाईलवर सिग्नल मोजण्याचे ॲप घेतले, आणि स्वारी खोलीखोलीतून निघाली. दर तीन पावलांस मुक्काम, दर मुक्कामास आकडा. येथे एक घोटाळा उपजला. त्या विद्येत सारे आकडे उणे असतात, आणि उणे पन्नास म्हणजे सिग्नल सशक्त, उणे नव्वद म्हणजे शेवटचा श्वास. आईसाहेबांनी नकाशा पाहून विचारिले, “सगळं उणंच आहे, तर त्यात कमी-जास्त काय बघायचं?” याचे उत्तर चिरंजीवांनी दोन वेळा दिले, आणि दुसऱ्या वेळी त्यांचे त्यांसच समजेनासे जाहले.

तथापि नकाशा बोलू लागला. दिवाणखान्यात उणे अठ्ठावन्न. मधल्या खोलीत लोखंडी कपाटाच्या अलीकडे उणे सत्तर, पलीकडे पाऊल टाकताच उणे ब्याऐंशी. म्हणजे ते कपाट बुरुजासारखे वाटेत उभे राहून निम्मी फौज गारद करीत होते. मागल्या खोलीत उणे अठ्ठ्याऐंशी.

चिरंजीव मागल्या खोलीत आकडा धरून उभे होते, तो आकडा अवचित चढून उणे एकोणऐंशी जाहला. चिरंजीव तेथूनच ओरडले, “आत्ता काय केलंत? कोणी काय केलं?”

दिवाणखान्यातून आईसाहेबांचा आवाज आला, “मी काही नाही केलं. चष्मा काढला फक्त.”

मग आज्ञा जाहली की, चष्मा होता तेथे ठेवावा. आईसाहेबांनी ठेविला, तो आकडा उणे अठ्ठ्याऐंशी. पुन्हा काढिला, उणे एकोणऐंशी. ऐसे चार वेळा जाहले. थोरले प्रथमच खुर्चीतून उठले आणि चष्म्याची दांडी धातूची आहे, ती सिग्नल ओढून घेते, ऐसा त्यांनी सिद्धांत मांडिला. चिरंजीवांनी तो मानिला. आईसाहेबांनी हातातील चष्म्याकडे पाहिले, जणू इतकी वर्षे अस्तनीतील निखारा नाकावर वागविला.

सूनबाईंनी मात्र विचारिले, “आई, चष्मा ठेवता कुठे?”

“ठेवते कुठे म्हणजे? टीव्हीखालच्या कपाटात. आत ठेवायचा नि दार लावायचं.”

त्या कपाटात, फोटोंचे तीन अल्बम, विणलेला रुमाल आणि चष्म्याची डबी यांच्यामध्ये, राऊटर विराजमान होता. वरून टीव्हीचा पत्रा, पुढून जाड लाकडी दार, आणि जमीन टीचभर खाली. ही जागा थोरल्यांनी निवडिली होती. धूळ बसू नये, वायर दिसू नये, म्हणोन त्यांनी स्वहस्ते कपाटाच्या पाठीस भोक पाडून यंत्र आत बसविले होते, आणि आल्यागेल्यास दाखविलेही होते.

चिरंजीव मोबाईलकडे पाहू लागले. आईसाहेबांनी चष्मा लाविला आणि उगाच पुसावयास पुन्हा काढिला. थोरले कपाटापुढे उकिडवे बैसले, दार एक वेळ उघडिले, एक वेळ लाविले आणि बिजागरीकडे पाहत राहिले. सूनबाईंस वाटले की आता थोरले येथून उठून आपल्या खोलीत निघून जातील.

थोरले हळूच म्हणाले, “आमच्या खात्यात बोलणं तुटलं की पहिला दोष लाइनमनचा. पाऊस असो, झाड पडो, दोषाच्या वहीत सही आमची व्हायची. छत्तीस वर्षांत मी दोनदाच सही केली.”

सूनबाई त्यांच्या शेजारी खाली बैसल्या आणि म्हणाल्या, “बाबा, राऊटर खोल्यांमधल्या बोळात वर लावला तर लोखंडी कपाट वाटेत येणार नाही. पण तिथवर वायर न्यायची तर चौकटीवरून, कोपऱ्यातून न्यावी लागेल. आम्हाला दोघांना ते सरळ जमायचं नाही. तुम्ही ओढाल का?”

थोरले उठले. मग त्यांनी माळ्यावर शिडी लाविली आणि खाकी कापडात बांधलेली हत्यारांची पेटी खाली घेतली. पक्कड, हातोडी, ओळंबा, आणि कातडी पट्टा, जो कमरेस आता दोन भोके पुढे लागला.

त्या दिवशीच्या कामाचे वर्णन करणे लेखणीस सोपे नाही. चिरंजीवांनी नवी वायर आणिली, आईसाहेबांनी दिवाणखान्याच्या भिंतीस खिळा मारण्याची परवानगी दिली, जी पूर्वी खुद्द त्यांच्या बंधूंच्या तसबिरीसही मिळाली नव्हती, आणि थोरले शिडीवर चढले. चिरंजीव खालून शिडी धरू जाता, हात काढ, ती हलते ऐसा हुकूम जाहला. दर वितीस एक खिळा, खिळ्यात वायर, वायर दोऱ्यासारखी ताठ, कोपऱ्यात वळण गोल. पाच वाजेतो वायर दिवाणखान्यातून चौकटीवरून बोळात पोहोचली, आणि राऊटर छताखाली हातभर अंतरावर, उघड्या हवेत, चहूकडे नजर ठेवून बैसला. लोखंडी कपाट जेथल्या तेथे राहिले. फौज त्यास वळसा घालून गेली.

मागल्या खोलीत मोजिले. उणे एक्कावन्न. थोरल्यांनी तो आकडा चिरंजीवांकडून तीन वेळा वदवून घेतला.

शुक्रवारी चार वाजता सूनबाई लॅपटॉपपुढे बैसल्या. घरात हुकूम न निघताच सारे गप्प होते. थोरले बोळात राऊटरखाली खुर्ची टाकून चौकीस बैसले. पडदा उजळला आणि काकू दिसल्या, आणि काका, तोंड वळवून खिडकीकडे पाहत बैसलेले.

सूनबाईंनी वाक्य म्हणा ऐसे सांगितले नाही. इतकेच म्हणाल्या, “काका, तुम्हाला वाटेल ते बोला. मी ऐकतेय.”

काका वळले. ओठ हलले आणि थांबले. पडद्यावर काका हलेनात. सूनबाईंनी पडद्याच्या कोपऱ्यातील खुणेकडे पाहिले, तो सिग्नल भरलेला, आणि काकांच्या मागे खिडकीचा पडदा वाऱ्याने हलत होता. म्हणजे जे थांबले होते ते काकाच होते. सूनबाईंचा जीव भांड्यात पडला. यंत्र थांबले तर करण्यासारखे काही नसते, परंतु माणूस थांबला तर त्यास अवधी देता येतो. त्यांनी हात मांडीवर ठेविले आणि वाट पाहिली. पुष्कळ वेळ गेला.

“परवा,” काका म्हणाले. मग थांबले. “परवा... पण... बोललो होतो.”

चार शब्द, आणि चारही शिकविलेल्या वाक्याबाहेरचे. काकू काकांकडे पाहतच राहिल्या.

“हो काका,” सूनबाई म्हणाल्या, “चूक आमच्याकडची होती. मला ऐकू आलं नव्हतं.”

काकांनी मान हलविली. त्या मान हलविण्यात थोडी क्षमा होती आणि पुष्कळसा रुबाब होता, आणि मग ते म्हणाले, “पुढे.”

सूनबाईंनी वही उघडिली आणि पुढले वाक्य घेतले.

येणेप्रमाणे शुक्रवारी, तिसरे प्रहरी, चार वाजून अकरा मिनिटांनी मागली खोली काबीज जाहली. शत्रूकडील लाकडी दार, टीव्हीचा पत्रा आणि लोखंडी कपाट जेर जाहले, आपणाकडे खिळे दोन वाकले आणि थोरल्यांची कंबर दोन दिवस धरली, याखेरीज नुकसानी नाही. रिपीटर परत पाठविला. काकांच्या नावाची वही सूनबाईंनी नवी केली. थोरल्यांनी जातीने मोजून दार उघडे असता उणे एक्कावन्न, दार लाविले असता उणे चौपन्न, ऐसी नोंद मागल्या खोलीच्या भिंतीवर पेन्सिलीने केली, खाली तारीख घातली आणि सही केली. आईसाहेबांनी ती अद्याप पुसली नाही. इतकी हकीकत घडली ती दाखल केली असे.