शब्द मधूचे, चाल नवशाची

नवशा माणसांना तोंडावरून ओळखत नसे, पायांवरून ओळखे. माझ्या बायकोची आणि त्याची कितीदा तरी गाठ पडली होती, पण तलासरीच्या बाजारात ती समोरून आली की हा आधी खाली बघायचा आणि शिवलेली चप्पल दिसली की मग म्हणायचा, "अरे, वहिनी होय!" बायकोला वाटायचं, माणूस लाजाळू आहे. लाजाळू कसला? तो लग्नाच्या गाण्यांना चाली बांधायचा, आणि त्याच्या मते गाणं चांगलं की वाईट हे फक्त पाय सांगतात. "पाय बघ, मधूशेठ. तोंड खोटं बोलतं. जेवण झाल्यावर कुणीपण गाणं चांगलं म्हणतो."

म्हणून तो बिनबोलावता लग्नांना जाई. जनरेटरच्या बाजूला उभा राहून नाचणाऱ्यांच्या पायांकडे एकटक बघे. उधव्याकडच्या एका लग्नात तो बायकांच्या घोळक्याकडे असाच बघत राहिला आणि नवरीच्या मामानं त्याची कॉलर धरली. मी धावत गेलो. वाजतंय त्या गाण्याची चाल यानंच बांधली आहे, म्हणून सांगितलं. मामा म्हणाला, मग नाचून दाखवू दे. सगळे गोल करून उभे राहिले. नवशाला नाचता येत नव्हतं. अख्ख्या तालुक्याला नाचवणारा हा माणूस उजवा पाय उचलायचा तर डावा विसरायचा. शेवटी मामालाच हसू आवरेना, आणि त्यानं आम्हाला जेवायला बसवलं. जेवतानाही नवशा कुरकुरत होता. मामाच्या पायात ताल नव्हता म्हणे.

आमची जोडी जमली ती नवा जिल्हा झाला त्या साली. सरावलीची चिकूची वाडी भावांकडे गेली आणि माझ्या वाट्याला तलासरीत झेरॉक्सचं आणि लग्नपत्रिकांचं दुकान आलं. पत्रिकेवर खाली लहान मुलांच्या तोंडी दोन ओळी असतात ना, "आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं", तसल्या ओळी मी लिहून देत असे. नवशा चुलतभावाची पत्रिका छापायला आला. नमुना वाचला आणि म्हणाला, "यावर नाचता येत नाय." मी म्हटलं, पत्रिकेवर कोण नाचतं? तो म्हणाला, "नाचता आलं असतं तर नाचले असते." आणि माझ्याच टेबलावर बोटांनी ताल धरून त्यानं माझ्या ओळीतले दोन शब्द इकडचे तिकडे केले. ओळ उठून उभी राहिली. मला राग आला. पण घरी जाताना सायकलवर मी तीच ओळ गुणगुणत होतो, आणि त्याचा जास्त राग आला.

अच्छाडला हायवेच्या कडेला त्याचं पंक्चरचं दुकान होतं. दुकान म्हणजे ताडपत्री, एक खाट, हवेचा कॉम्प्रेसर आणि खाटेवर जुन्या ट्यूबमध्ये गुंडाळलेला कॅसिओ. नवी चाल झाली की तो ती पंक्चरला थांबलेल्या ड्रायव्हरांसमोर वाजवायचा. पंजाबचे, राजस्थानचे ड्रायव्हर, मराठीचा गंध नाही. उकिडवे बसून बिडी ओढताना एखाद्याचा अंगठा हलला की चाल पास. नाही हलला तर "मेली" म्हणून विषय संपला. मी विचारलं, आपल्या माणसांसमोर का नाही वाजवत? तर म्हणाला, "त्यांना तुझे शब्द कळतात. मग ते शब्दांना भुलतात. ड्रायव्हरला लाच चालत नाय."

गाणी गाणाऱ्यांबद्दल त्याला काडीचा आदर नव्हता. "गाणारा म्हणजे पिपाणी. फुंकणारे आपण." सुमन नावाची एक बाई आमची गाणी गायची. गळा गोड, पण डोळे मिटल्याशिवाय सूर लागत नसे, आणि डोळे मिटले की कडवं विसरायची. तिच्या तोंडून "नेटवर्क नाय गो डोंगरीला" हे आमचं पहिलं चाललेलं गाणं आलं, तेही एक कडवं दोनदा गाऊन. लोकांना वाटलं, तसंच आहे. दुसरा किरण. हा उंबरगावकडचा, मराठी आणि गुजराती दोन्हीकडच्या लग्नांत चालणारा. स्टुडिओच्या बंद खोलीत काळा चष्मा लावून गायचा. नवशा त्याला गाताना पाय आपटायला लावायचा, आणि ते धपधप माइकमध्ये येतं म्हणून रेकॉर्डिंगवाला डोक्याला हात लावायचा. तरी "पिकअपच्या मागं बसली" हे गाणं किरणनं असं काही म्हटलं की वऱ्हाडाच्या गाड्यांत दुसरं काही वाजेनासं झालं.

आता एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्याकडच्या या गाण्यांना ना कव्हर, ना पोस्टर. पूर्वी मेमरी कार्डातून आणि आता मोबाईलवरून ती या पाड्यावरून त्या पाड्यावर जातात. गाणं कुणाचं हे कळायची सोय एकच. शेवटच्या कडव्याआधी वाजप जरा खाली येतं आणि कुणीतरी खड्या आवाजात नावं घेतं. याला 'नाव टाकणं' म्हणतात. आमचं ठरलेलं होतं, "शब्द मधूभाऊ, चाल नवशाभाऊ, तलासरी." हे वाजलं की नवशा पायांकडे बघायचं थांबून क्षणभर वर बघायचा. बायको त्याला सोडून गेली होती, घरात एक आईच, आणि तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. पण लांबच्या पाड्यावर लग्न असलं तरी ती अंगणात येऊन उभी राहायची आणि नाव ऐकून मग घरात जायची.

मग आलं "हळद लागली मोबाईलला". हळदीच्या अंगाने बसलेल्या नवरीला सारखे फोन येतात आणि तिचा मोबाईल पिवळा होतो, एवढीच गंमत. पण त्यात मी एक कडवं लिहिलं होतं. पोरगी सासरी गेल्यावर आई तो पिवळा मोबाईल पुसत नाही, असं. आजवर लिहिलेल्या सगळ्यात ते एकच मला खरं वाटत होतं. नवशानं ऐकलं आणि म्हणाला, "काढ." मी कारण विचारलं. "इथं पाय थांबतात. बाया खाली बघायला लागतात. रडायचं असंल तर त्यांच्याकडं स्वतःचं बख्खळ हाय." मी भांडलो नाही. मी कधीच भांडत नाही, हा माझा स्वभाव आणि माझं पाप. कडवं काढलं आणि राग आत ठेवला.

रेकॉर्डिंगच्या दिवशी विवळवेढ्याची जत्रा होती. नवशाच्या आईला तिथल्या महालक्ष्मीला जायचं होतं. नवसानं झालेला मुलगा, तिला एकटी कशी पाठवणार? निघताना तो म्हणाला, "नाव टाकायचं तेवढं तू बघ." त्याला त्यात काळजीसारखं काही वाटत नव्हतं.

किरणनं गाणं सुरेख म्हटलं. नावं टाकायची वेळ आली. किरण म्हणाला, दमलोय, तूच टाक. मी आत गेलो. कान झाकणारे ते हेडफोन लावले. वाजप खाली आलं. आणि मी म्हणालो, "शब्द आणि चाल, मधूभाऊ, तलासरी."

कुणी मला भरीस घातलं नव्हतं. जागा कमी नव्हती. काचेपलीकडून रेकॉर्डिंगवाल्यानं विचारलं, परत घ्यायचं का? मी मान हलवली, नको. किरणनं चष्मा काढून माझ्याकडे बघितलं आणि परत लावला.

त्या सुमाराला मोबाईलचं नेट जवळजवळ फुकट झालं होतं. गाणं पसरलं ते कुणाला थांबवता आलं नसतं. डहाणूपासून वापीपर्यंत हळद म्हटली की तेच. माझ्या दुकानात पत्रिका छापायला येणारे माझ्याबरोबर फोटो काढून घेऊ लागले. चाल कशी सुचली, असं विचारू लागले. मी सांगू लागलो. सायकलवरून येताना सुचली म्हणायचो.

नवशानं ते एका हळदीत पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी शेजारीच उभा होतो. नाव पडलं. तो पायांकडेच बघत होता, वर बघितलं नाही. गाणं संपल्यावर म्हणाला, "किंचित पळवलंय. कुणी पळवलं?" त्यानं नावाचं विचारलं नसताना मी सांगितलं, किरणचं काम सगळं, मी दोघांची नावं घेतली होती, तुझं त्यानंच मागून कापलं. नवशा म्हणाला, "पिपाणीला कुठली अक्कल." मला हायसं वाटलं. ते वाटलं, हेही इथे लिहून ठेवतो.

पुढच्याच आठवड्यात तो किरणच्या दारात जाऊन भांडला, असं माझ्या कानावर आलं. ती बोंब सगळ्या गाणाऱ्यांत झाली. हा दारात येऊन तमाशा करतो म्हणून कुणी त्याची चाल घेईना. सुमननंही पाठ फिरवली. मी एक शब्द बोललो असतो तर ते थांबलं असतं. माझ्याकडे मात्र नवे चालवाले येऊ लागले. त्यांच्याबरोबर मी बरीच गाणी केली. एकही धड चाललं नाही.

एवढं होऊन नवशा दुकानात येतच राहिला. झेरॉक्स मशीनला टेकून उभा राही आणि नव्या चाली ऐकवी. मी सांगायचो, शब्द सुचत नाहीत. कधी गिऱ्हाईक आहे म्हणायचो, कधी लाइट गेलेत म्हणायचो. तो वरच्या पंख्याकडे बघायचा, पंखा फिरत असायचा, आणि म्हणायचा, "बरं, लाइट आले की सांग." त्याची आई वारल्याचं मला कुणा दुसऱ्याकडून कळलं. दशक्रियेला गेलो नाही. हळूहळू त्याचं येणं कमी झालं आणि मग थांबलं. मी सुटलो असं समजलो.

मग ते भूकंपाचे दिवस आले. आमच्या भागात महिनोन्‌महिने जमीन हादरत होती. लोक घरं सोडून मांडवात राहत होते, आणि लग्नं तर थांबत नाहीत. एका लग्नात भर दुपारी डीजेचा दणका सुरू असताना मांडव हलला. बरेच जण नाचतच राहिले, कारण त्यांना तो डीजेच वाटला. एका म्हातारीनं ओरडून सांगितलं तेव्हा पळापळ झाली आणि डीजे बंद पडला. शेतात सगळे उभे असताना माझ्या बाजूला किरण आला. जाडा झाला होता. चष्मा तोच. म्हणाला, तुझा जोडीदार कसा आहे? मी म्हटलं, बऱ्याच दिवसांत गाठ नाही.

"माझं नाव सांगितलंस तू त्याला," किरण म्हणाला. "आला होता दारात. मी पण शिव्या दिल्या, आणि खरं काय ते सांगितलं. तेव्हाच."

माझ्या पायाखालची जमीन त्या वेळी स्थिर होती, एवढं आठवतं.

"तो खाली बसला पायरीवर. मग मला म्हणाला, मधूला बोलू नको मना कळलं म्हणून. त्याला लाज वाटंल, मग तो यायचा नाय. बायको गेली सोडून, आई अशी थकलेली, मना बसायला दुसरं कोण हाय? वरून मलाच म्हणाला, तू लोकांत सांग मी तुझ्याशी भांडलो म्हणून. म्हणजे मधूला वाटंल, मना त्याचं खरं वाटलं."

किरणनं चष्मा काढून शर्टाला पुसला. मग म्हणाला, "मी सांगितलं सगळ्यांना. त्यात त्याची कामं गेली. मला पण आता बरं वाटत नाही."

दोन दिवसांनी मी अच्छाडला गेलो. नवशा एका ट्रकच्या चाकापाशी बसला होता. केस पिकले होते. मला बघून त्यानं खाटेवरचे पाने बाजूला सारले आणि बसायला जागा केली. कुठे होतास, काही विचारलं नाही. चहा मागवला. ड्रायव्हर सावलीत पेंगत होता. मी तयारी करून गेलो होतो. वाक्यं जुळवली होती. ती सगळी विसरून मी म्हणालो, "नवशा, नाव मी कापलं होतं. किरणनं नाही."

तो चाकावरची माती खरवडत राहिला. मग त्याला राग आला. इतक्या वर्षांत मी त्याचा इतका राग पाहिला नव्हता.

"कशाला बोललास?" तो म्हणाला. "मी ते किती नीट झाकून ठेवलं होतं. आता तू आलास तर माफी मागायला आलास, असं झालं. नुसतं यायचं होतंस."

चहा आला, गार झाला. मी उठायला लागलो, तेव्हा मान वर न करता तो म्हणाला, "बस. हा ट्रक जाऊ दे, मग बोलू."

तो ट्रक गेला. मग दुसरा आला, तोही गेला. आम्ही बोललो नाही, आणि त्यानं मला उठू दिलं नाही.