उतरण्यापुरती सायकल

आमच्या गावात विलायती सायकल असलेला पहिला माणूस मी, आणि आजच्या तारखेलाही एकटाच. हिरवा रंग, दांड्यावर सोनेरी रेघा, मऊ कातडी सीट. घंटी वाजवली की बैलसुद्धा कान टवकारायचे. अशी सायकल पालमपर्यंत कुणाकडे नाही, हे मी कुणी न विचारता सांगत असे.

ती मला सासऱ्यांनी दिली. दिनकरराव परभणीला कापसातली सरकी काढणाऱ्या जिनात मुकादम. त्यांनी ती खास सिकंदराबादहून रेल्वेनं मागवली होती. "आमी जन्मभर पायी चाललो, जावईबापू," ते म्हणाले. "तुमी सायकलवर बसून मदरशात जावा. एवढीच हौस हाय."

मदरसा म्हणजे गावातली निजाम सरकारची शाळा, आणि मी तिथला मास्तर. घर गावाच्या या टोकाला, शाळा त्या टोकाला, मधे पार. पहिल्या दिवशी धुतलेली टोपी घालून ऐटीत निघालो खरा, पण पार जवळ आला आणि मला माझीच लाज वाटायला लागली. फाटक्या पैरणीतली म्हातारी माणसं खाली बसलेली, आणि मी त्यांच्यासमोरून असा झगमगत जाणार! त्यांतल्या सगळ्यांत वयस्कर सटवाजीबाबांची नजर पडताच मी टुणकन खाली उतरलो. रामराम केला आणि सायकल हातात धरून चालू लागलो.

"मास्तर शिकलेला हाय, पर मान ठिवतो," बाबा म्हणाले. ते ऐकून मी खूश झालो आणि तिथंच फसलो.

दुसऱ्या दिवशी पाराच्या अलीकडच्या ओट्यावरून माणिकरावांनी हटकलं. "सटवाजीसाठी उतरलास म्हनं. मी काय त्याच्यापरीस धाकला हाय का?" उतरलो. आठवडाभरात बातमी गावभर झाली. ज्यांनी वर्षानुवर्षं घराचा उंबरा ओलांडला नव्हता, तेही सकाळी रस्त्यावर येऊन बसू लागले. बन्सीधर दुकानदार तर माझ्याच वयाचा, आम्ही मिळून बोरं चोरलेली. त्यानं गादी दुकानाबाहेर आणली, अंगावर घोंगडी ओढली आणि मला पाहून म्हाताऱ्यासारखा खोकला. त्याच्यासाठीही उतरलो. शेवटी घरापासून शाळेपर्यंत सायकलवर चढायला जागाच उरली नाही. सायकल आल्यापासून माझे जोडे मात्र दोनदा शिवावे लागले.

"लोक म्हनायलेत, मास्तराला सायकल येतच न्हाई," एके दिवशी बायको म्हणाली. "माज्या बाबाच्या कानावर गेलं तर त्यांना काय वाटंल?"

कानावर गेलंच. बाजारच्या दिवशी सासरे बैलगाडीनं आले. सायकलच्या सीटवरून हात फिरवला, कोरीच्या कोरी राहिलेली ती सीट पाहिली आणि उपरण्यानं तिच्यावरची धूळ पुसली. त्यांनी चार शब्द सुनावले असते तर मला बरं वाटलं असतं.

सकाळी ते माझ्या आधीच पारापाशी जाऊन उभे राहिले. आज काहीही झालं तरी उतरायचं नाही, असं मी ठरवलं. माणिकरावांचा ओटा गेला, बन्सीधरचा खोकला गेला, मी सीटवरच. मग सासऱ्यांचा पांढरा पटका दिसला आणि माझे पाय आपोआप जमिनीला लागले.

"कामून उतरलाव?" त्यांनी विचारलं.

"तुमच्यासमोर कसं बसू?"

मग त्यांनी रस्त्याकडे पाठ केली आणि ते पाराकडे तोंड करून उभे राहिले. "मी बघत न्हाई. बसा आता. निस्ती घंटी ऐकू द्या."

मी बसलो. घंटी वाजवत त्यांच्या पाठीमागून गेलो. उपरण्याचं टोक त्यांच्या डोळ्यांकडे गेलेलं मला जाता जाता दिसलं. त्या दिवशी शाळेत मला धड शिकवता आलं नाही.

सटवाजीबाबा हे सगळं बघत होते. दुसऱ्या दिवशी मी लांब दिसताच ते म्हणाले, "मास्तर आला रं, फिरा," आणि अख्खा पार पाठमोरा झाला. पुढे ओटेही फिरले. बन्सीधरनं तर गादीच उलटी घातली.

तेव्हापासून मी रोज सायकलवर बसून शाळेत जातो. घंटी वाजवतो, गरजेपेक्षा जरा जास्तच वाजवतो. एकही मान वळत नाही. आता कुणाला सांगू नका, पण कुणीतरी वळून बघावं असं मला फार वाटतं.

रस्त्याकडे तोंड असलेला एकटा शाळेजवळच्या देवळातला मारुती उरला आहे. तो नक्की बघेल. पण देवासमोरून सायकलवर बसून कसं जायचं? तिथं मी उतरतो.